पोलवर हात घसरतो? आधी खांदा बघा, मग लिक्विड

प्रश्न थोडक्यात असा: पोल डान्स शिकायला लागून काही महिने झालेत, क्लाइंब म्हणजे पोलवर चढणं जमतोय, पोल सिट, म्हणजे मांड्यांत पोल धरून बसणं, दुखतं पण होतं, मात्र चेअर स्पिनमध्ये (खुर्चीत बसल्यासारखे पाय वाकवून पोलभोवती फिरायचं) वरचा हात सरसर खाली येतो आणि इन्व्हर्टला, म्हणजे पोलवर उलटं होताना, पाय वर जायच्या आधीच हात सुटेल अशी भीती वाटते. पकड वाढवायला हँड ग्रिपर घेतलाय, रोज दाबताय, आणि आता कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलंय. शिवाय कुठलं ग्रिप लिक्विड, म्हणजे हात घसरू नये म्हणून लावायचं द्रव, घेऊ हेही विचारलंय.

लिक्विडबद्दल सांगते, पण नंतर. आधी तो ग्रिपर बाजूला ठेवा, आजच. कोपराच्या आतलं जे हाड हाताला लागतं त्याच्या आसपास दुखत असेल तर बोटं मिटवणारे स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात तिथल्या टेंडनवर ताण आलाय, गोल्फर्स एल्बो म्हणतात तो प्रकार पोलवाल्यांना खूप होतो. स्नायू लवकर तयार होतात, टेंडनला जास्त वेळ लागतो, आणि तुम्ही क्लासमध्ये तासभर पोल आवळून वर घरी येऊन परत तेच स्नायू आवळताय, मग ते टेंडन कधी सावरणार? दुखणं थांबेपर्यंत ग्रिपर बंद, क्लासमध्येही हातावर लटकायचं काम निम्मं करा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र वाट बघू नका, नस दबत असू शकते, डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा.

आता मूळ मुद्दा. पुल-अप बारला लटकता तेव्हा बार आडवा असतो, बोटं त्याच्यावरून वळतात आणि वजन बोटांच्या वळणात अडकतं. पोल उभा. त्यावर हात अडकायला काहीच नाही, हाताची कातडी आणि धातू यांच्यातल्या घर्षणावरच सगळं चालतं. आणि घर्षण दोन गोष्टींनी ठरतं, पृष्ठभाग किती चिकट आहे आणि तुम्ही पोलवर आडवा दाब किती देताय. नवीन शिकणारे जवळजवळ सगळे हा दाब फक्त बोटांनी आवळून द्यायला बघतात. बोटं थोड्या वेळात दमतात, तळहाताला घाम येतो, हात घसरतो, घाबरून अजून आवळतो, अजून दमतो. म्हणून बारवर मिनिटभर लटकू शकणारी माणसंसुद्धा पहिल्या क्लासला पोलवरून घसरत खाली येतात.

दाब फुकटात मिळायची सोय शरीरातच आहे. एक हात वर, एक खाली, आणि अंग पोलपासून बाजूला असेल तर अंगाचं वजन तुम्हाला पोलपासून लांब फिरवायला बघतं. वरचा हात पोलला स्वतःकडे ओढतो, खालचा हात पोलला ढकलतो, आणि हे ओढणं-ढकलणं म्हणजेच पोलवरचा आडवा दाब. तो बोटांतून येत नाही, पाठीतून आणि खांद्यातून येतो, म्हणजे मोठ्या स्नायूंमधून, जे बोटांपेक्षा कितीतरी उशिरा दमतात. चेअर स्पिनमध्ये तुमचा वरचा हात घसरतोय म्हणता ना, मी पैजेवर सांगते की खालचा हात नुसता पोलवर ठेवलेला आहे, तो ढकलत नाहीये. सगळं वजन वरच्या एका हाताच्या बोटांवर आलंय.

करून बघा, पाय जमिनीवर ठेवूनच. पोलच्या बाजूला उभ्या रहा. पोलकडचा हात डोक्याच्या वर, हात जवळजवळ सरळ. पोल तळहातात तिरका बसवा, तर्जनीच्या मुळापासून तळव्याच्या टाचेपर्यंत, आणि अंगठा दुसऱ्या बाजूने पूर्ण गुंडाळा. अंगठ्याच्या बेचक्यात पोल खोल जायला पाहिजे, तिथे पोकळी राहिली तर हात फिरतो. दुसरा हात कमरेच्या थोडा वर, तर्जनी पोलवरून खाली रोखलेली, उरलेली बोटं गुंडाळलेली. तर्जनी खाली रोखली की तळव्याची टाच पोलच्या मागे येते आणि ढकलणं सोपं जातं. आता खालच्या हाताने पोल लांब ढकला, वरच्याने ओढा, आणि गुडघे हळूहळू वाकवून वजन हातांवर द्या. पाय उचलायचे नाहीत अजून. कुठल्या क्षणी घसरायला लागतं ते बघा, आणि तेव्हा बोटं न आवळता फक्त खालच्या हाताचं ढकलणं वाढवा. घसरणं थांबतं. हे एकदा हाताला कळलं की डोक्याला समजावत बसावं लागत नाही.

वरच्या खांद्याचं काय? बहुतेकांचा खांदा कानाला चिकटलेला असतो. तसा सोडून दिलेला खांदा म्हणजे सगळं वजन सांध्यावर आणि लिगामेंटवर, आणि पाठीचा स्नायू चालूच झाला नाही तर ओढणार कोण? लटकायच्या आधी खांद्याचं पातं खाली आणि किंचित मागे खेचायचं, कान आणि खांदा यांच्यात अंतर पाहिजे, कोपर मात्र सरळच राहू दे. ही हालचाल दिसायला इंच-दीड इंचाची आहे, पण माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांत याच्यापेक्षा महत्त्वाचं काहीही नाही. सरावासाठी दोन्ही हात वर धरा, पाय जमिनीवर, खांदे कानापर्यंत जाऊ द्या, मग हात न वाकवता खाली खेचा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. जमायला लागलं की पायावरचं वजन कमी करत जा. दोन्ही बाजूंनी करा, आणि दुबळ्या बाजूने आधी करा कारण शेवटी ठेवलं की ती बाजू राहूनच जाते.

ज्यांचे कोपर मागे जास्त वळतात, हायपरमोबाइल म्हणतात तसे, त्यांनी खालच्या हाताचं कोपर पूर्ण लॉक करू नका. एक बारीक वाक ठेवा. लॉक केलं की ढकलायचं काम स्नायू सोडून सांधा करायला लागतो, आणि ते कोपर एक दिवस हिशोब मागतं.

आता पकडींचे प्रकार. नावं ऐकून बिचकू नका, रोजच्या कामाच्या मोजक्याच आहेत. साधी पकड म्हणजे ट्रू ग्रिप, वरच्या हाताची म्हणून आधी सांगितली ती. बेसबॉल ग्रिपमध्ये दोन्ही हात एकावर एक, बॅट धरल्यासारखे, क्लाइंबला आणि इन्व्हर्टला हीच. स्प्लिट ग्रिप म्हणजे वरचा ओढतो खालचा ढकलतो ती, त्यातच खालचा अख्खा हात कोपरापर्यंत पोलला टेकवला की फोरआर्म ग्रिप. मला फोरआर्म ग्रिप नवीन लोकांसाठी फार आवडते कारण कातडी जास्त लागते आणि मनगट मोकळं होतं. कप ग्रिपमध्ये अंगठा पोलला वळसा घालत नाही, बोटांच्याच बाजूला राहतो. बघायला धोक्याची वाटते, पण काही होल्डमध्ये वरच्या हाताच्या मनगटाला आणि कोपराला ती जास्त सोयीची पडते, फक्त ती सुरुवातीला शिकायची नाही. एल्बो ग्रिप म्हणजे कोपराच्या खळगीत पोल अडकवायचा.

ट्विस्टेड ग्रिपबद्दल मात्र थांबून बोलते. यात वरचा हात आतून फिरवून अंगठा खालच्या दिशेला येतो, आणि त्यावर पूर्ण वजन घेऊन माणसं हँडस्प्रिंगला, म्हणजे फक्त हातांच्या आधारावर उलटं व्हायला, जातात. व्हिडिओत मस्त दिसतं आणि खरं सांगायचं तर साध्या स्प्लिट ग्रिपपेक्षा ते सोपंही वाटतं, कारण हात पिळून लॉक झालेला असतो. तीच त्याची अडचण आहे. खांदा आतून पूर्ण फिरलेला, वर ताणलेला आणि त्यावर सगळं वजन, शिवाय झटक्याने उडी मारून आत गेलात तर त्या सांध्याकडे स्वतःला वाचवायला जागाच उरत नाही. मी ट्विस्टेड ग्रिप तेव्हाच शिकवते जेव्हा माणूस साध्या पकडीत उडी न मारता, सावकाश, ताकदीवर उलटा होऊ शकतो. तुमच्या क्लासमध्ये पहिल्या काही महिन्यांत ती करायला लावत असतील तर नाही म्हणायला अजिबात लाजू नका.

हातांबद्दल एवढं झालं, पण पोलवर हात हा पकडीचा एकच भाग आहे. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, काख, कंबर, पोटरी, पावलाची वरची बाजू, सगळी उघडी कातडी पकड देते, म्हणून तर शॉर्ट्स घालतात. कापड चिकटत नाही. पोल सिट दुखतं म्हणालात, ते दुखणारच सुरुवातीला, मांडीच्या आतली कातडी नाजूक असते, निळे-जांभळे डागही पडतात, काही आठवड्यांत तिथली सवय होते. पण चिमटा बसल्यासारखी तीव्र कळ येत असेल तर पोल मांडीत नीट बसलेला नाही. बसायच्या आधी हाताने मांडीचं मांस बाजूला करून पोल वर, जास्तीत जास्त आत घ्या, मग मांड्या एकमेकींवर घट्ट आणा, आणि कंबर थोडी मागे टेका. बहुतेक लोक गुडघे आवळतात आणि मांड्या ढिल्या ठेवतात, मग हळूहळू खाली येतात.

लेग हँग, म्हणजे गुडघ्यात पोल अडकवून उलटं लटकणं, तुम्ही लवकरच शिकाल म्हणून त्यातलं एक सांगते. हात सोडायच्या आधी प्रत्येक टेकणारी जागा मनात मोजायची. आउटसाइड लेग हँग घ्या: लवणीत पोल खोल बसलाय का, टाच ढुंगणाकडे खेचलेली आहे का म्हणजे गुडघा बंद राहील, कंबरेची बाजू पोलला टेकलीये का, काखेजवळची बाजू पोलवर दाबलीये का. चार जागा. हे सगळं हो असेल तर खालचा हात सोडायचा, तोही एकदम नाही, आधी नुसती बोटं उघडून तळवा पोललाच ठेवायचा आणि काही हलतंय का ते बघायचं. काहीच हललं नाही तर हात बाजूला. हलताना जाणवलं तर बोटं मिटायची, कोणी नापास करत नाही. पाय सुटल्यामुळे लोक पडतात त्यातल्या बऱ्याच वेळा गुडघा उघडलेला असतो, कारण लक्ष पायाची बोटं ताणून फोटो चांगला दिसण्याकडे गेलेलं असतं आणि टाच हळूच लांब गेलेली असते.

मल्लखांब केलेले लोक पोलवर येतात तेव्हा त्यांना मांडीची पकड लगेच कळते, पण दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. तिथला खांब लाकडी, जाड, वर निमुळता होत जाणारा, आणि कातडी सोलू नये म्हणून एरंडेल लावलेला. इथे तेलाचा थेंबही चालत नाही आणि पोल मुठीत मावणारा असतो, त्यामुळे हातांचं काम खूप वाढतं.

बरं, आता घाम आणि लिक्विड. आधी फुकटचे उपाय. क्लासच्या दिवशी अंगाला मॉइश्चरायझर, तेल, सनस्क्रीन काही लावू नका, आदल्या रात्रीही टाळलं तर उत्तम, कारण हाताला लावलं नसलं तरी पायाचं तेल पोलवर जातं आणि पोलवरून तुमच्याच हाताला येतं. पोल आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सुक्या मायक्रोफायबरने पुसा, तेही मधेमधे, फक्त सुरुवातीला एकदा नाही. गार पोल घसरतो, म्हणून पोल हाताने, मांडीने घासून गरम करा. अंगठ्या, ब्रेसलेट काढा, पोलला ओरखडे पडतात ते वेगळंच, पण अंगठी अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते.

लिक्विड घेताना आधी तुमचे हात कसे आहेत ते बघा, कारण सगळी उत्पादनं एकच काम करत नाहीत. घाम येत असेल तर वाळवणारं पाहिजे, म्हणजे लिक्विड चॉक किंवा ड्राय हँड्ससारखं, थोडंसं घ्यायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच पोलला हात लावायचा. ओल्या हाताने लावून लगेच चढलात तर पैसे वाया. तळहात कोरडे, कागदासारखे असतील तर चॉकने अजूनच घसरतील, अशा हातांना किंचित ओलावा लागतो, आधी नुसता दमट रुमाल हाताला लावून फरक बघा. तिसरा प्रकार चिकट, आयटॅकसारखा. तो पायांना, कमरेला, एकाच जागी धरून ठेवायच्या होल्डला चांगला. स्टॅटिक पोलवर स्पिन करताना हाताला लावू नका, कारण तिथे पोल फिरत नाही, तुमचा हात पोलभोवती थोडा सरकायलाच हवा, तो चिकटून बसला की अंग फिरतं, मनगट तिथेच राहतं आणि झटका खांद्याला बसतो. चिकट काही वापरलंत तर नंतर पोल नीट पुसून द्या, पुढच्या माणसाला ते अपेक्षित नसतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तुमचे हात घामाचे वाटतात, तर वाळवणारं घ्या. पण आधी दोन आठवडे काहीही न लावता वरचा ओढा-ढकला सराव करा, नाहीतर कशामुळे जमलं ते कळणार नाही. एसीत शांत बसलेलं असतानाही हातातून थेंब पडण्याइतका घाम येत असेल तर ते हायपरहायड्रोसिस असू शकतं, त्यावर त्वचारोगतज्ज्ञ रात्री लावायची ॲल्युमिनियम क्लोराइडची औषधं किंवा आयंटोफोरेसिस (पाण्यातून हाताला सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार) सुचवतात, उगाच एकामागून एक बाटल्या आणत बसू नका.

पोलबद्दल अगदी थोडं. हल्ली बहुतेक ठिकाणी ४५ मिलिमीटरचा पोल असतो, आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशनच्या स्पर्धांनाही हाच. जुने पोल ५० मिलिमीटरचे मिळतात, लहान हाताला ते जड जातात, ४० चाही मिळतो. पितळी पोल जास्त धरतो, क्रोम मधला, स्टेनलेस स्टील सगळ्यात घसरडा, पण निकेलची ॲलर्जी असलेल्यांना क्रोमऐवजी स्टेनलेस किंवा पावडर कोटेड बरा पडतो. नवीन जागी गेलात आणि अचानक काहीच जमेना तर स्वतःवर चिडायच्या आधी पोल कशाचा आहे ते विचारा.

ताकद वाढवायची असेलच, आणि वाढवायला हवीच, तर दुखणं थांबल्यावर हे करा: बोटांभोवती रबर बँड घालून बोटं उघडायची, तळहात जमिनीकडे ठेवून मनगट हलक्या डंबेलने वर उचलायचं आणि सावकाश, चार-पाच सेकंद घेऊन खाली सोडायचं. म्हणजे मिटवणाऱ्या स्नायूंसमोरचे, उघडणारे स्नायू. पोलमध्ये आपण दिवसरात्र मिटवतोच, समोरची बाजू कोणी बघत नाही आणि कोपर तक्रार करतं. त्याबरोबर पाठीसाठी रोइंग, आणि टॉवेल बारवर टाकून दोन्ही टोकं धरून लटकणं, कारण टॉवेल उभा धरावा लागतो म्हणून ते पोलच्या जास्त जवळ जातं. आठवड्यातून दोनदा पुरे, पोलच्या दिवशी शेवटी किंवा वेगळ्या दिवशी, लागोपाठ नाही.

इन्व्हर्टचं राहिलं. तिथे हात सुटेल असं वाटण्यामागे बहुतेक वेळा कोपरं उघडतात हे कारण असतं. पोल छातीच्या बाजूला, काखेजवळ चिकटलेला हवा, दोन्ही हात छातीच्या उंचीला, कोपरं वाकलेली आणि अंगाजवळ. पाय झटकून वर फेकले की कोपरं उघडतात, छाती पोलपासून लांब जाते आणि काखेची पकड जाते, मग खरंच फक्त बोटं उरतात. म्हणून पाय फेकायचे नाहीत. आधी फक्त गुडघे छातीकडे घेऊन तसंच पाच सेकंद लटकायचं, कोपरं न उघडता, हात न सरकवता. हे दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा जमेपर्यंत मी कोणालाच उलटं करत नाही. ते जमल्यावर डोकं आणि छाती मागे झुकवत कंबर वर आणायची, आणि पहिले काही दिवस खाली जाड क्रॅश मॅट आणि शेजारी स्पॉट करणारं, म्हणजे सांभाळायला उभं राहणारं माणूस हवंच, घरी एकटीने तर नाहीच नाही. घरचा पोल टेन्शनवर, म्हणजे स्क्रू न मारता छत आणि जमिनीमध्ये दाबून बसवलेला असेल तर प्रत्येक वेळी चढायच्या आधी हलवून बघा आणि स्टॅटिक-स्पिनचा लॉक नक्की कशावर आहे ते हाताने फिरवून तपासा, स्टॅटिक समजून इन्व्हर्टला गेलात आणि पोल फिरला तर चांगली पकडही गडबडते.

आणि हात घसरायला लागलाच तर ठरवून ठेवा की खाली यायचं. उलटं असताना घसरत असेल तर पाय पोलला गुंडाळा, हनुवटी छातीकडे घ्या, सावकाश उतरा. अजून एक सेकंद धरून बघते असं म्हणत आवळत राहिलात की उतरायला लागणारी ताकद त्या एका सेकंदातच संपते. पुढच्या क्लासला चेअर स्पिनचा बाजूने व्हिडिओ काढून घ्या आणि त्यात फक्त खालच्या हाताकडे बघा, तळव्याची टाच पोलच्या मागे आहे की बाजूला निसटलीये.